नडगीचा आकडा

डॉक्टर नफीसा बारगीर यांच्या टेबलावरच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी उमटले. छत्तीस आणि चौतीस. वृषाली मगदूमने आधी बाजूला बसलेल्या लेकीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"यातला माझा कुठला?"

"चौतीस तुमचा. छत्तीस ओवीचा."

वृषालीला हसूच आलं. यंत्र बिघडलंय, दुसरं काय! ओवी एकवीस वर्षांची, दहा हजार मीटर धावण्यात राज्यात पहिली, आठवड्याला एकशेचाळीस किलोमीटर पळणारी. आणि ती स्वतः शेहेचाळीस वर्षांची, गेली अकरा वर्षं खुर्चीत बसून क्रेन चालवणारी. क्रेन कोकणातल्या एका बंदरावर होती आणि खुर्ची मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गार खोलीत. समोर चार पडदे, हातांत दोन दांडे. तिकडे चाळीस टनांचा कंटेनर उचलला जायचा आणि इकडे वृषालीचं फक्त मनगट हलायचं. रोज नऊ तास. ओवी एका आठवड्यात जेवढी पळायची, तेवढी वृषाली सहा महिन्यांत चालत नसेल.

"यंत्र ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मीही दोनदा तपासलं."

यंत्र म्हणजे चार बोटं रुंदीचा एक पट्टा. तो नडगीवर बांधायचा. तो हाडात कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायचा आणि परत आलेला आवाज टिपायचा. हाड नव्याने बांधलं जातंय की नुसतंच झिजतंय, आत केसाहून बारीक चिरा किती पडल्यात, त्या भरून येतायत का, हे सगळं त्या आवाजात असायचं. लाखो माणसांच्या हाडांचे आवाज ऐकून शिकलेली एक संगणक-प्रणाली त्यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायची. साठच्या वर उत्तम, चाळीसच्या खाली लाल. कागदोपत्री त्याला अस्थ्यंक म्हणत. बाकी सगळे नुसतं 'आकडा'. डॉक्टर बारगीरांच्या केंद्राला संशोधनासाठी जोड्या हव्या होत्या: एक खेळाडू मुलगी आणि तिच्या घरातली एक बैठं काम करणारी बाई. म्हणून या दोघी आल्या होत्या.

"आणखी एक गंमत," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टा कुणी बांधलाय हे यंत्र हाडाच्या लांबीवरून आणि घडणीवरून ओळखतं. तुम्हा दोघींमध्ये मात्र ते चक्क गोंधळलं."

वृषालीला त्या क्षणी गमतीत रस नव्हता. "पण असं कसं होईल? ही दिवसभर पळते आणि मी दिवसभर बसते."

"हाड म्हणजे दगड नव्हे, वृषालीताई. ते जिवंत असतं. रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. आत चांदणीसारख्या पेशी असतात, बारीक बारीक कालव्यांत हात पसरून बसलेल्या. तुम्ही उडी मारली, काही जड उचललं, की हाड किंचित वाकतं, कालव्यातलं पाणी हिंदकळतं आणि पेशींना कळतं: भार आला, इथे बांधकाम करा. भार आलाच नाही तर त्याच पेशी उलटा निरोप धाडतात: काम थांबवा. तुमच्या हाडांत अकरा वर्षं तोच निरोप फिरतोय."

"आणि माझ्या?" ओवीने विचारलं. "मी तर भार देतेच की."

"देतेस. पण या पेशी लवकर कंटाळतात. चाळीस-पन्नास ठोके नीट ऐकतात आणि मग बहिऱ्या होतात. पुन्हा ऐकू यायला काही तासांची विश्रांती लागते. तू एका सकाळी वीस हजार पावलं टाकतेस. पहिल्या पन्नासांनी बांधकामाचा हुकूम सुटतो, उरलेल्यांनी चिरा पडतात. तेही चाललं असतं, चिरा भरून येतात. पण भरायला माल लागतो. खातेस किती तू?"

ओवी नडगीवरच्या पट्ट्याच्या वळावरून बोट फिरवत राहिली.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

ओवीने खिडकीबाहेर पाहिलं. "दीड वर्ष झालं असेल. प्रशिक्षक सर म्हणाले, चांगलंच आहे ते. शरीर तयार झालं म्हणजे."

"शरीराने कपात सुरू केली म्हणजे," डॉक्टर म्हणाल्या. "अन्न कमी पडलं की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडांचं काम. धावणं तेवढं चालू ठेवतं, कारण त्याला वाटतं, तू जीव वाचवायला पळतेयस."

परतताना बिनचालकाच्या रिक्षात ओवी एवढंच बोलली. "मार्चमध्ये आशियाई स्पर्धेची निवड चाचणी आहे, आई. तोवर मी काहीही बदलणार नाही."

वृषालीला तिच्यावर रागावता आलं नाही. ओवीचे प्रशिक्षक शिरगुप्पे सर सांगायचे, एक किलो कमी म्हणजे वीस सेकंद कमी. ते ऐकून भाकरीवरचं तूप कुणी बंद केलं होतं? दाण्याची चटणी कुणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती? लेकीची गालफडं वर आली तेव्हा शेजारणीला कौतुकाने कुणी सांगितलं होतं, की खेळाडूचं अंग असंच असतं?

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला, जिनेंद्रला सांगितलं. घरचा स्वयंपाक तोच करायचा. तो कणीक मळता मळता थांबला. "मी विचारलं होतं एकदा, पोरगी इतकी का वाळली म्हणून. तू म्हणालीस, तुला खेळातलं कळत नाही."

"म्हणाले होते," वृषाली म्हणाली. "मला तरी कुठं कळत होतं!"

लेक ऐकणार नव्हती. मग निदान स्वतःपासून सुरुवात करावी, असं वृषालीने ठरवलं, आणि एकदा ठरवलं की ती मागे हटणाऱ्यांतली नव्हती. डॉक्टरांनी तिला लांब चालायला सांगितलं नाही. थोडं पण जोराचं, असं सांगितलं. पहिले दोन महिने देखरेखीखाली वजनं, मग उड्या. सकाळी वीस, संध्याकाळी वीस, एका पायरीवरून खाली. वसाहतीच्या कोपऱ्यावर एक व्यायामशाळा होती. तिथे पहिल्या दिवशी नुसती रिकामी लोखंडी दांडी उचलताना तिचा तोल गेला आणि आरशासमोरचे दोघे तरुण तोंड फिरवून हसले. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्याही. क्रेनच्या खोलीत मधली सुट्टी झाली की ती जिन्यात जाऊन उड्या मारायची. खालच्या मजल्यावरचा लेखनिक एकदा वर येऊन म्हणाला, "मॅडम, छताचा गिलावा पडतोय." ती म्हणाली, "पडू दे की. तुम्ही पण या."

सात महिन्यांत ती पंचावन्न किलो जमिनीवरून उचलू लागली. आकडा चौतीसवरून त्रेचाळीसवर गेला. केंद्राने घरी दिलेल्या पट्ट्यावरचा लाल दिवा जाऊन पिवळा लागला, तेव्हा ती अंगणात एकटीच मोठ्याने हसली.

ओवीने सात महिन्यांत पट्टा एकदाही बांधला नव्हता.

जानेवारीत राष्ट्रीय निवड समितीचं पत्रक आलं. आदल्या वर्षी दोन मुलींची नडगी ऐन शर्यतीत मोडली होती. तेव्हा आता ज्याचा आकडा चाळीसच्या खाली, त्याला निवड चाचणीत उतरता येणार नाही. चाचणीआधीचे सहा आठवडे रोज सकाळी घरून पट्ट्याची नोंद डॉक्टर बारगीरांच्या केंद्रामार्फत पाठवायची. त्या दिवशी ओवीने दार लावून पट्टा बांधला, नोंद न पाठवता, नुसता आकडा पाहायला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"किती?" वृषालीने विचारलं.

"एकतीस." ती आईसमोर जमिनीवर बसली. "आई, यंत्राला आपल्यातला फरक कळत नाही. डॉक्टरच म्हणाल्या होत्या."

वृषालीला समजायला थोडा वेळ लागला. "खुळी आहेस का तू?"

"सहा आठवडे फक्त. चाचणी झाली की मी विश्रांती घेईन, खाईन, तू म्हणशील ते करीन. सरांना मी आत्ताच फोनवर सांगितलं, माझा आकडा बसत नाही. ते म्हणाले, मला चाळीसच्या वर हवा, कसा ते मला सांगू नकोस." तिने आईचे दोन्ही हात धरले. "नऊ वर्षं पहाटे चारला उठलेय मी. तू सोबत उठायचीस. हे सगळं एका पट्ट्यासाठी सोडू?"

वृषालीच्या डोळ्यांसमोर ती नऊ वर्षं उभी राहिली. तिने पट्टा घेतला आणि आपल्या पायावर बांधला.

अकरा सकाळी ती ओवीच्या नावाने नोंद पाठवत राहिली. ओवी पळून यायची, आकडा पाहायची, आणि आईच्या गळ्यात हात टाकायची. इतक्या मायेने ती कित्येक महिन्यांत वागली नव्हती. जिनेंद्रला सांगितलं नव्हतं. पायरीवरून उडी मारताना मात्र वृषालीला आता पूर्वीसारखा हुरूप येत नव्हता.

बाराव्या दिवशी डॉक्टर बारगीरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"वृषालीताई, ओवीच्या नोंदी बघितल्यात का तुम्ही? आठवड्याला एकशेचाळीस किलोमीटर, आहार तोच, आणि तरी सात-आठ महिन्यांत आकडा छत्तीसवरून त्रेचाळीसवर! अशी दुसरी एकही मुलगी माझ्याकडे नाही. माझी समजूत कुठेतरी चुकत होती म्हणायची. प्रणाली यातून शिकतेय. पुढच्या महिन्यात तिची नवी आवृत्ती देशभर जाईल. ओवीसारख्या पळणाऱ्या पाच हजार मुली आहेत यादीत. बऱ्याच जणींचा लाल दिवा कदाचित जाईल."

वृषालीने हो-हो म्हणून फोन ठेवला. पडद्यावर क्रेन अर्धवट उचललेला कंटेनर धरून थांबली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. पाच हजार मुली. कुणी नाशिकची, कुणी मणिपूरची, सगळ्या कमी खाऊन जास्त पळणाऱ्या. त्यांच्या पायातल्या पट्ट्याला आता वृषालीचं हाड सांगणार होतं, की असंच चालू दे, काही होत नाही.

घरी गेल्यावर तिने ओवीला समोर बसवलं आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं.

"उद्या मी डॉक्टरांना खरं सांगणार आहे. तू आधी सांगितलंस तर जास्त बरं."

ओवीला आधी ते खरंच वाटलं नाही. मग ती उभी राहिली. "दुसऱ्यांच्या पोरींसाठी तू मला बुडवणार?"

"तुझ्यासाठीसुद्धा. अकरा दिवस मी झोपलेय का विचार. तू पळायला गेलीस की परत येईपर्यंत माझं लक्ष फाटकाकडे."

"मी पडले तर माझा पाय मोडेल, आई! तुझा नाही!"

"तुझा मोडू नये म्हणूनच."

ओवी बॅग भरून सांगलीला खेळाडूंच्या वसतिगृहात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वृषालीने वाट पाहिली. मग ती केंद्रात जाऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, स्वतःचा भाग तर मुळीच न लपवता. डॉक्टरांनी पडद्यावर ओवीच्या नोंदी उघडल्या.

"अकरा दिवसांची नोंद काढायला सगळी प्रणाली मागे न्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "माझं वर्षभराचं काम लांबलं. पण तुम्ही आलात ते बरं केलंत. ओवीला बोलवा."

समितीने ओवीचं नाव चाचणीतून काढलं आणि तिच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. शिरगुप्पे सरांनी आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं असं लिहून दिलं. केंद्रात ओवीच्या पायाला पट्टा बांधला तेव्हा आकडा एकोणतीस निघाला. असंच पळत राहिली तर पाच आठवड्यांत नडगी मोडण्याची शक्यता सत्तर टक्के, असं यंत्राने सांगितलं.

"म्हणजे तीस टक्के न मोडण्याची," ओवी म्हणाली. ती आईकडे न बघता बोलत होती. "ते तीस टक्के माझे होते. आणि मोडलं असतं तर निदान कळलं असतं, की तुमचं खरं होतं. आता मला कधीच कळणार नाही."

डॉक्टरांनी तिच्या पायावरचा पट्टा सोडला.

मार्चमध्ये चाचणी झाली. ओवीच्या नेहमी मागे असणारी एक मुलगी निवडली गेली. त्या दिवशी वृषालीने तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा तो वाजत राहिला. जिनेंद्र दर दोन दिवसांनी सांगलीला डबा घेऊन जायचा. लाडू, उसळी, खपली गव्हाची खीर, वर तुपाची वेगळी डबी. परत आल्यावर तो डबे वृषालीपुढे उघडून ठेवायचा. एप्रिलपर्यंत ते अर्धे भरलेले परत येत. मे महिन्यात एकदा रिकामे आले.

"खाल्लं तिने?" वृषालीने विचारलं.

"माझ्यादेखत. रडत रडत खाल्लं, पण सगळं खाल्लं. म्हणाली, बाबा, ही पण शर्यतच आहे, पळण्यापेक्षा अवघड."

वृषालीचं आपल्या परीने चालूच होतं. तिच्या सोबतीला आता क्रेनच्या खोलीतल्या चौघी जणी आणि तो खालचा लेखनिक व्यायामशाळेत येत. जूनमधल्या एका संध्याकाळी ती साठ किलोची दांडी उचलून खाली ठेवते तोच दारात ओवी दिसली. अंग जरा भरलं होतं, गालांवर रंग होता. तिने चप्पल काढली, बूट घातले आणि ती शेजारच्या दांडीपाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी तिलाही जड वजनं सांगितली होती. नऊ वर्षांत सरांनी तिला ती कधी हाताळू दिली नव्हती, अंग जड होईल म्हणून.

तिने तीस किलो लावले. उचलताना पाठ गोल झाली. वृषाली आपली जागा सोडून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. हात लावला नाही. ओवीने दांडी ठेवली, पुन्हा धरली.

"पाठ वाकतेय का?" तिने विचारलं. चार महिन्यांतलं हे तिचं आईशी पहिलं वाक्य.

"खालून वाकतेय. छाती पुढे काढ. टाचांनी जमीन रेट."

या वेळी दांडी सरळ वर आली. त्या दिवसापासून ओवी आठवड्यातून तीनदा यायची. दोघी वजनांबद्दल बोलत, पायांच्या जागेबद्दल बोलत, आणि बाकी कशाबद्दलही नाही. ऑगस्टमध्ये एकदा बाहेर पडताना ती बूट पिशवीत कोंबता कोंबता म्हणाली, "पाळी आली. सोमवारी." वृषालीने नुसती मान हलवली. घरी पोचल्यावर मात्र ती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, भरपूर रडली.

शिरगुप्पे सरांना ओवीने सोडलं. डॉक्टर बारगीरांच्या मदतीने तिने स्वतःच आपला आराखडा बसवला: आठवड्याला ऐंशी किलोमीटर, दोन दिवस वजनं, रोज थोड्या उड्या, एक दिवस पूर्ण आराम, आणि पोटभर जेवण. पहिल्या सरावात तिची वेळ जुन्या वेळेपेक्षा दीड मिनिटाने मागे पडली. मैदानावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर होती. डिसेंबरात फरक चाळीस सेकंदांवर आला, फेब्रुवारीत पंधरावर. आकडा शेहेचाळीस झाला, तो केंद्रात, दोन साक्षीदारांसमोर बांधलेल्या पट्ट्याचा.

राष्ट्रीय स्पर्धा भोपाळला होती. ओवीने आईला बोलावलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. वृषाली रजा काढून गेली आणि शेवटच्या वळणाजवळच्या पायऱ्यांवर बसली. पंचवीस फेऱ्या. पहिल्या पंधरा फेऱ्यांत ओवी सहावी होती. वृषालीला तिचं पाऊल जड वाटलं आणि ती नकळत मुठी आवळून बसली. विसाव्या फेरीला पुढच्या दोघी मागे पडल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत ओवीने वेग वाढवला तो थेट शेवटपर्यंत. आधीच्या वर्षी आशियाई स्पर्धेला गेलेली मुलगी तिच्यापुढे चार पावलं होती; ते अंतर काही तुटलं नाही. ओवी दुसरी आली. तिच्या स्वतःच्या जुन्या विक्रमापेक्षा सहा सेकंद हळू, पण आंतरराष्ट्रीय संघासाठी ठरवलेल्या वेळेच्या आत.

ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिली. मग तिने पायऱ्यांवर नजर फिरवली आणि कठड्याशी आलेली आई तिला दिसली. ती हळूहळू चालत तिथवर आली.

"माझा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता. "मला वाटायचं, पळायला लागले की जाईल. नाही गेला."

"नसू दे गेला," वृषाली म्हणाली. "तू काही चुकीचं म्हणाली नव्हतीस. ते तीस टक्के तुझेच होते. आणि पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते."

ओवीने तिच्याकडे रोखून पाहिलं. वृषालीने नजर खाली घातली नाही. लेकीच्या कपाळावरचा घाम भुवईवरून ओघळत होता.

"माहितेय मला," ओवी शेवटी म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून शिबिर आहे. वसतिगृहाजवळ सरावाला चढ मिळत नाही, घराजवळ मिळतो. तोवर घरी येऊन राहते. बाबांना सांग, खोली आवरून ठेवा."

पंचांनी तिचं नाव पुकारलं. ती वळली आणि पदकाच्या टेबलाकडे निघाली, पाय नीट आपटत, ताठ.